उजव्या डब्यातली रंगूबाई

नियाज रेडिओवाल्याने रंगूबाईला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती तीन पुरुष उंच होती. निदान पुढली कित्येक वर्षं तो तसंच सांगत असे. नाशकाच्या दूध बाजारातल्या त्याच्या दुकानाचं शटर त्या सकाळी कमरेएवढंच उघडलेलं होतं. ते तिने नुसत्या खांद्याने असं वर भिरकावलं की शेजारचा बेकरीवाला पाव भट्टीत तसेच टाकून पळत सुटला. डोक्यावर झेंडूची पाटी, पाटीत एक रेकॉर्ड प्लेअर, एका काखेत दोन स्पीकर, आणि दुसऱ्या हातात, कॉलरला धरलेला, एक अख्खा जिवंत माणूस. तिने आत पाऊल टाकलं मात्र, फळीवरचे सात मेलेले रेडिओ एकदम बोलू लागले. त्यातल्या एकाचे तर सेलही काढून ठेवलेले होते.

प्रत्यक्षात रंगूबाई पाच फुटांना दोन बोटं कमी होती, आणि वजनाला भरल्या पोत्याच्या निम्मीही नव्हती. पण मारताना माणसाची उंची वाढते हे नियाजला स्वानुभवाने ठाऊक होतं. तो स्वतः साडेपाच फुटांचा होता, आणि एका गिऱ्हाइकाला ट्रान्सफॉर्मर फेकून मारताना सहा फुटांचा झाला होता.

"रेडिओवाले तुम्हीच का?"

"हो मावशी."

"मंग हे घ्या." तिने आधी माणूस काउंटरवर ठेवला, मग प्लेअर. "यानं माझा आवाज मारला. तेवढा काढून द्या."

माणूस ओळखीचा निघाला. मखमलाबादचा गोरक्ष वायरमन. दर आठवड्याला नियाजकडून तारा जोडायचं सोल्डर न्यायचा. त्याचा वरचा एक दात सकाळपर्यंत जागेवर असावा, कारण ती जागा अजून ओली होती.

"नियाजभाई, मी वायरिंग नियमाने केलंय," गोरक्ष म्हणाला.

रंगूबाईने त्याच्या कानाखाली आवाज काढला.

"हे बी नियमानंच," ती म्हणाली.

हे १९९६ सालच्या फेब्रुवारीतलं. प्रकरण मात्र सतरा वर्षांचं जुनं होतं.

रंगूबाई आणि नवसाबाई या सख्ख्या जावा. नवसाबाई थोरली, रंगूबाई धाकटी. मखमलाबादला दोघींची विहीर एक, बांध एक, जातं एक आणि भांडणही एकच. ते दोघींनी अर्धं अर्धं वाटून घेतलं होतं. १९७९ साली मुंबईच्या एका लहानशा कंपनीचा माणूस जात्यावरची गाणी गोळा करत हिंडत होता. तो या दोघींना मुंबईला घेऊन गेला. घरघर खरी हवी म्हणून जातंही नेलं. एसटीच्या टपावर चढवताना ते कंडक्टरच्या पायावर पडलं आणि त्याचा अंगठा मोडला. म्हणजे रेकॉर्डिंग सुरू होण्याआधीच रक्त सांडलेलं होतं.

स्टुडिओत दोन माइक होते. डाव्या माइकपुढे नवसाबाई बसली, उजव्यापुढे रंगूबाई, मधे जातं. दोघींनी एका दमात म्हटलं:

दळण दळीते, जात्याला देते दम,
जाऊबाई, तुमचा-माझा एकच गं घाम.

रेकॉर्ड निघाली. तिच्यावर नाव छापलं होतं, 'नवसाबाई आणि पार्टी'.

पार्टी म्हणजे रंगूबाई, जातं आणि कंडक्टरचा अंगठा.

तिथून पुढे नवसाबाईने गावात सांगायला सुरुवात केली की गायली ती एकटी, रंगूने फक्त जातं ओढलं. गावात रेकॉर्ड वाजवायचं यंत्र एकच, तेही एका डब्याचं, म्हणजे एकाच स्पीकरचं. त्यात दोन्ही आवाज एकाच भोकातून बाहेर यायचे. बारा वर्षं एका जात्यावर घासून दोघींचे आवाज असे मिसळले होते की त्यातून कोणता कोणाचा हे काढायचं म्हणजे पिठातून गहू निवडायचे. गावाने दोनचार वेळा ऐकलं आणि जिचं नाव छापलेलं होतं तिच्यावर विश्वास ठेवला.

मग हातघाई सुरू झाली. रंगूबाईने एका उन्हाळ्यात नवसाबाईची घागर विहिरीत टाकली आणि घागर एकटी पडू नये म्हणून मागोमाग नवसाबाईलाही टाकलं. पाणी कमरेएवढं होतं, म्हणून नुसता घोटा मोडला. पुढे नवसाबाईने मुसळाने परतफेड केली. तेव्हापासून रंगूबाईची डावी करंगळी बाकीच्या बोटांशी फटकून वेगळ्याच गावाकडे बघत असे.

रंगूबाईला मारामारी शिकवली होती ती तिच्या नवऱ्याने. लग्नानंतर नऊ वर्षं तो रोज संध्याकाळी पिऊन यायचा आणि न चुकता शिकवणी घ्यायचा. दहाव्या वर्षी विद्यार्थिनीने जात्याचा खुंटा उपटून गुरुदक्षिणा दिली. त्यानंतर त्याने मारणं सोडलं, वर्षभराने दारू सोडली, आणि त्याच्या पुढच्या वर्षी जग सोडलं. मागे राहिला मुलगा महेश आणि वीस गुंठे झेंडू-गुलाब. दीर विहिरीचं पाणी तोडायला आला तेव्हा रंगूबाई फावडं घेऊन पाटात उभी राहिली. कपाळावर एक खोक पडली, पण पाणी आलं. बाजारात एका आडत्याने तिच्या झेंडूला बुरशी म्हटलं, त्याला तिने त्याच झेंडूच्या पाटीखाली उताणा घातला होता. तरीही सातबाऱ्यावर आधी दिराचं नाव, रेशनकार्डावर आधी नवऱ्याचं, आणि रेकॉर्डवर नवसाबाईचं. जिथे तिथे ती 'आणि पार्टी'.

१९९६ च्या सुरुवातीला देवळाली कॅम्पात एका पारशी बंगल्यातलं सामान विकायला निघत होतं. रंगूबाई तिथे वर्षानुवर्षं फुलं टाकायची. बंगल्यातल्या म्हाताऱ्या बाईंनी तिला जपानी प्लेअर दाखवून सांगितलं, या मशीनला दोन डबे लागतात, आणि रेकॉर्ड तशी भरलेली असेल तर डाव्या माइकचा आवाज डाव्या डब्यातून निघतो, उजव्याचा उजव्या. रंगूबाईने पाटी खाली ठेवली. तीन महिने फुकट गुलाब घालायचं कबूल करून ती प्लेअर डोक्यावर घेऊन घरी आली.

प्लेअरच्या सुईच्या दांडीखालून निघणाऱ्या तारा उंदरांनी खाल्ल्या होत्या. त्या जोडायला गोरक्ष आला. महेशच्या साखरपुड्याला, सगळ्या भाऊबंदांसमोर आणि सिन्नरहून आलेल्या व्याह्यांसमोर रेकॉर्ड लागली. डाव्या डब्यातून नवसाबाईचा आवाज निघाला, पत्रा कापावा तसा. आणि उजव्या डब्यातून निघाली घरघर. नुसती, अखंड, घुर्रर्र.

नवसाबाई उठून उभी राहिली.

"ऐका," ती म्हणाली. "मी सतरा वर्सं काय सांगत व्हते? ह्या डब्यात मी हाय, अन् त्या डब्यात जातं हाय. रंगू जातंच ओढतीया."

सगळा मांडव हसला. होणारी सून रूपालीही पदराआड हसली. पुढची दहा मिनिटं सांगण्यासारखी नाहीत. व्याह्यांनी जीप बंदच केली नव्हती, हे त्यांनी शहाणपणाचं केलं.

नियाजने ही सगळी हकीकत काउंटरच्या आतून, दोन हात अंतर राखून ऐकली. मग प्लेअर उलटा केला आणि चष्मा लावला. सुईच्या दांडीतून केसासारख्या बारीक पाच तारा येत होत्या. लाल आणि हिरवी, ही उजव्या आवाजाची जोडी. पांढरी आणि निळी, ही डाव्याची. पाचवी काळी, ती दांडीच्या लोखंडाची अर्थिंग. एवढं शाळेतल्या पोरालाही शिकवता आलं असतं.

गोरक्षने हिरवी तार जोडीतून सोडवून, तिला लांब वायर लावून, थेट भिंतीतल्या प्लगच्या अर्थिंगच्या भोकात घातली होती. काळी त्याने मुळातून कापून टाकली होती.

"हिरवी अर्थिंगला का घातलीस?" नियाजने विचारलं.

"हिरवी म्हणजे अर्थिंग. पाळण्यातल्या पोराला कळतं."

"घराच्या वायरिंगला. हे घर नाही, ही सुई आहे. इथे हिरवीतून उजवा आवाज परत येतो. तू त्याला परतीचा रस्ताच ठेवला नाहीस. मग डब्यातून काय येणार? मेन लाइनची गुणगुण. आणि काळी कुठंय?"

"काळी न्यूट्रल. इथे करंटच नाही तर न्यूट्रल कशाला?"

"काळीच तर अर्थिंग होती, अकलेच्या खांबा."

"काळी अर्थिंग?" गोरक्ष काउंटरवरून उतरला. दात पडल्याचं त्याला तितकं लागलं नव्हतं जितकं हे लागलं. "नियाजभाई, तोंड सांभाळा."

नियाजने हिरवी तार पकडीत धरून तोडली. तोडलेली तार गोरक्षने पाहिली, आणि त्याने हातातला टेस्टर नियाजच्या मनगटात खुपसला. नियाजने तापलेलं सोल्डरिंग आयर्न त्याच्या दंडाला लावलं. दोघं फळीसकट खाली आले. सातही रेडिओ अंगावर पडले, एकाच्या डायलची काच गोरक्षच्या गुडघ्याखाली फुटली, आणि रंगूबाई पाटीतल्या झेंडूवर बसून शांतपणे बघत राहिली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिच्या आवाजासाठी दोन परके पुरुष मारामारी करत होते.

शेवटी नियाजची बायको जहिदा मागच्या दाराने आली आणि तिने दोघांवर घडाभर पाणी ओतलं.

"गोरखभाई, रडताय कशाला?" ती म्हणाली. "भाजलं का फार?"

गोरक्ष खरंच रडत होता. त्याचा थोरला भाऊ सातपूरला एका कारखान्यात करंटला चिकटून गेला होता. मशीनची हिरवी तार कोणीतरी न जोडताच सोडून दिली होती. तेव्हापासून गोरक्षने कुठलीही हिरवी तार मोकळी सोडली नव्हती. लग्नाच्या मांडवात, गणपतीच्या आराशीत, एकदा तर रस्त्यात पडलेली कुणाची हिरवी दोरी, तीही त्याने खांबाला बांधून टाकली होती.

नियाजने मनगटाचं रक्त पुसलं आणि गोरक्षच्या दंडाला बर्फ लावला. पण हिरवी तार परत अर्थिंगला घालायला तो तयार नव्हता, आणि ती न घालता गोरक्ष जायला तयार नव्हता. रंगूबाईने गोरक्षला कॉलरला धरून रस्त्यावर ठेवला आणि शटर ओढलं.

"हळदीच्या आत व्हायला पायजे," ती म्हणाली. "एप्रिलच्या शेवटी. तवा समदे भाऊबंद येत्यात. नवसी बी येतीया. हळदीला नाय आली तर गाव तिला नावं ठेवंल."

तारा जोडून काम संपलं असतं तर नियाजने ते त्याच दिवशी दिलं असतं. पण रोग दुसराही होता. महेशकडे एक ॲम्प्लिफायर होता, त्याच्या माइकच्या सॉकेटला गोरक्षने प्लेअर लावला होता. "मावशी, या सुईतून येणारा आवाज मुंगीच्या पावलाएवढा," नियाजने तिला समजावलं. "त्यात रेकॉर्ड भरताना खालचे सूर दाबतात आणि वरचे फुगवतात, नाहीतर खोबणीत मावत नाहीत. तुम्ही पाटीत झेंडू दाबून भरता तसं. बाजारात गेल्यावर ती फुलं हलवून मोकळी करावी लागतात का नाही? तसं मोकळं करणारं वेगळं मशीन लागतं. माइकच्या भोकात तुम्ही पाटी तशीच उपडी केली. म्हणून पत्रा कापल्यासारखं आलं."

"नवसीचा आवाज तसाच हाय," रंगूबाई म्हणाली.

"असेल. तुमचा बघू."

असं मशीन नाशकात कुठे तयार मिळेना. नियाजने एका जुन्या टेपमधलं हेडचं सर्किट काढून लावून पाहिलं. त्यातून आवाज असा आला की गाणारा माणूस गोधडीत तोंड खुपसून गातोय. ते त्याने भिंतीवर फेकलं. मग दुधाच्या पावडरच्या मोठ्या डब्यात त्याने स्वतःच तसलं मशीन, म्हणजे फोनो प्रीॲम्प, बांधायला घेतलं. दोन वेळा गुणगुण आली, दोन्ही वेळा त्याने डब्याला लाथ घातली. डब्याला पडलेले पोचे शेवटपर्यंत राहिले. तिसऱ्या वेळी सर्किटला आतून पत्र्याचा आडोसा केला आणि काळ्या तारेसाठी डब्याला स्वतंत्र स्क्रू बसवला. हिरवी लालच्या जोडीला, निळी पांढरीच्या जोडीला, काळी स्क्रूला. घरातली एक नाट्यगीतांची रेकॉर्ड लावली. डावा डबा गायला, उजवा गायला, आणि मधे कुठेही घरघर नव्हती. नियाजने इतक्या जोरात टेबलावर मूठ मारली की सुई तीन ओळी पुढे जाऊन पडली.

रंगूबाई दर मंगळवारी फुलं विकून यायची, स्टुलावर बसायची आणि त्याची प्रगती बघायची. रेकॉर्ड मात्र तिने त्याला एकदाही दिली नाही. लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून ती मांडीवर धरून बसे.

"मावशी, एकदा लावून बघू द्या. दुसऱ्याच्या रेकॉर्डवर काय कळणार?"

"गावासमोर लागंल."

"आणि काही बिघडलं असेल तर?"

"तुमी तार बघा. रेकॉर्ड माझी हाय."

आठव्या मंगळवारी नियाजचा संयम सुटला. त्याने सोल्डरची रीळ जमिनीवर आपटली. "मावशी, दोन महिने मी मनगट फोडून, भाजून घेऊन बसलोय. बायको बोलत नाही. आणि तुम्ही मला आवाज ऐकू देत नाही. कशाची भीती आहे?"

रंगूबाई उठली. नियाजने सवयीने गाल झाकला. पण ती नुसती उभी राहिली.

"सतरा वर्सं लोक सांगत्यात, तू जातंच वढलंस," ती म्हणाली. "रोज सांगत्यात. आता मलाच आठवत नाय. दांडा वढल्याचं याद हाय, हाताला फोड आले व्हते. गायल्याचं... बाबा, उजव्या डब्यात मी नसले तर?"

नियाज पायाखालची रीळ उचलून गुंडाळत राहिला.

"त्या मतदानाच्या कार्डावर माझा फोटो काढलाय," ती म्हणाली. "त्यात मी माझ्या सासूवानी दिसते. येवढाच माझा पुरावा हाय. अन् ही."

रेकॉर्ड घेऊन ती निघून गेली. जहिदा आतून ऐकत होती. ती बाहेर आली आणि त्या महिन्यात पहिल्यांदाच नवऱ्याशी बोलली.

"नसली त्या डब्यात," जहिदा म्हणाली, "तर तुम्ही तिथून पळायचं. माझ्यासाठी थांबायचं नाही, मी येणारच नाहीये."

हळदीच्या दिवशी दुपारी नियाज प्लेअर, पोचे पडलेला डबा आणि दोन स्पीकर घेऊन मखमलाबादला पोचला. मांडव घातलेला होता. मांडवाचं वायरिंग अर्थातच गोरक्षचं होतं. त्याने जमिनीत अर्थिंगची लोखंडी सळई ठोकली होती, आणि तिच्याशेजारी तो हातात हिरव्या वायरचं भेंडोळं घेऊन उभा होता. नियाजने त्याच्याकडे पाहिलं. त्याने नियाजकडे पाहिलं. दोघांनी एकमेकांना नमस्कार केला, तो कुस्तीआधी करतात तसा.

महेश पाटावर बसला होता, पिवळाधमक. बायकांचं हळद लावून झालं होतं. नवसाबाई पुढच्या रांगेत, नव्या लुगड्यात, मांडीवर पितळी तांब्या घेऊन बसली होती. रंगूबाईने लुगड्याचा तुकडा सोडला, रेकॉर्ड काढली आणि स्वतःच्या हाताने तबकडीवर ठेवली. नियाजने दांडी उचलली, सुई खाली टेकवली.

उजव्या डब्यातून घुर्रर्र आलं.

मांडव हसायला लागला. नवसाबाई उठून उभी राहिली. "जातं," ती म्हणाली. "बघा."

नियाजने दांडी उचलली आणि मान वळवली. गोरक्ष गुडघ्यावर बसून, पोचे पडलेल्या डब्यात शिरणाऱ्या हिरव्या तारेला चिमटा लावून, ती सळईला जोडत होता. नियाजने हातातला स्क्रूड्रायव्हर टाकला आणि उडी घेतली. दोघं हळदीच्या परातीत पडले. नियाजने त्याचं डोकं परातीवर आपटलं, गोरक्षने त्याचा अंगठा चावला, आणि दात एक कमी असल्याने चावा अर्धाच बसला.

"माणसं मरतील," गोरक्ष ओरडत होता. "हिरवी मोकळी आहे, माणसं मरतील."

रंगूबाई आली. सगळ्यांना वाटलं, आता दुसरा दात. तिने गोरक्षला कॉलरला धरून उठवलं आणि पदराने त्याच्या तोंडावरची हळद पुसली.

"गोरख्या, तुझा भाऊ मेला तवा मशीनला हात कुणाचा व्हता?"

"त्याचाच."

"मंग आता माझा ऱ्हाईल. मी त्या डब्यावर हात ठिवून बसते. मेले तर मी मरंल. तू वायर काढ."

ती जमिनीवर मांडी घालून बसली आणि वाकड्या करंगळीचा हात तिने पोचे पडलेल्या डब्यावर पालथा ठेवला. गोरक्ष थोडा वेळ बघत राहिला. मग त्याने सळईवरून चिमटा काढला. नियाजने पुन्हा सुई टेकवली.

आधी जात्याची घरघर आली, दोन्ही डब्यांच्या मधोमध, जिथे जातं ठेवलेलं होतं तिथून. मग गाणं सुरू होण्याच्या आधी, उजव्या डब्यातून, हळू पण लख्ख, एका तरुण बाईचा आवाज आला.

"सरक की तिकडं, म्हशे."

सतरा वर्षं एका डब्याच्या घरघरीत ते वाक्य दबून बसलेलं होतं. आणि लगेच डाव्या डब्यात नवसाबाई आणि उजव्यात रंगूबाई एकदम गायला लागल्या. डावा आवाज बारीक आणि धारदार. उजवा खालून, पोटातून येणारा, जरासा खरबरीत, जात्याच्या फेऱ्याच्या अर्धं पाऊल पुढे. तो ऐकून मागच्या रांगेतली एक म्हातारी म्हणाली, "ही तर रंगी," आणि मग कोणी हसलं नाही.

रंगूबाईने डब्यावरचा हात काढला नाही. ती डोळे मिटून ऐकत होती, ओठ हलत होते.

नवसाबाई ऐकत होती ती वेगळंच. तिच्या कानात अजून पहिलंच वाक्य होतं.

"म्हशे?" ती म्हणाली. "मला?"

पितळी तांब्या रंगूबाईच्या कपाळावर बसला. जुन्या खोकेच्या शेजारीच बसला. रंगूबाईने डोळे उघडले, नाकावरून ओघळणारं रक्त चाटलं आणि मग उठली. दोघींचे अंबाडे दोघींच्या मुठीत आले. त्या एकमेकींना घेऊन पाटावर गेल्या, पाटावरून महेशवर, महेशवरून परातीत. बांगड्या फुटल्या, त्यांच्या काचा दोघींच्या दंडात शिरल्या. नवसाबाईने चावा घेतला तो खांद्यात खोल गेला. रंगूबाईने तिचं डोकं मांडवाच्या खांबाला लावलं, एकदा, दोनदा. भाऊबंद सोडवायला धावले आणि सोडवता सोडवता जुने हिशेब आठवून आपसात भिडले. एकाने खुर्ची उचलली. नियाज डब्यावर पालथा पडून होता. ती खुर्ची त्याच्या हातावर आली आणि करंगळीचं हाड मोडल्याचं त्याला स्पष्ट ऐकू आलं. गोरक्ष त्याच्या वर आडवा पडला आणि पुढच्या दोन खुर्च्या त्याने पाठीवर घेतल्या.

आणि या सगळ्यावर, दोन्ही डब्यांतून, न थांबता, त्या दोघी एका दमात गात होत्या की जाऊबाई, तुमचा-माझा एकच गं घाम. गाणं संपेपर्यंत कोणाला सुई उचलायला सवड झाली नाही.

संध्याकाळी डॉक्टरांकडे बाकावर सगळे ओळीने बसले होते. नियाजच्या बोटाला लाकडी पट्टी. गोरक्ष उभाच, त्याला पाठ टेकवता येत नव्हती. जावा शेजारी शेजारी, कारण दुसरी जागाच नव्हती. रंगूबाईला सात टाके पडले होते, नवसाबाईला चार, शिवाय दंडातली काच काढायची होती.

नवसाबाई समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाली, "गायली व्हतीस तू."

"मंग?"

"मी कुटं नाय म्हणले?"

रंगूबाईने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. नियाजने बाकाच्या कडेला सरकून जागा मोकळी करून दिली. पण रंगूबाईला बहुतेक पाहिजे ते मिळालं होतं, किंवा टाके ताणले जात होते. ती परत भिंतीकडे वळली.

"म्हैस कशाला म्हणलीस?" नवसाबाईने विचारलं.

"माइक झाकत व्हतीस."

नर्सने नवसाबाईला आत बोलावलं. ती उठली, आणि उठताना तिने आधाराला रंगूबाईच्या खांद्यावर हात टेकवला. तो नेमका चावलेल्या जागी पडला. रंगूबाई कळवळली, पण तिने तो झटकला नाही.

महेशचं लग्न ठरल्या मुहूर्तावर लागलं, नवरदेवाचा एक डोळा काळानिळा असताना. नियाजची करंगळी नीट बसली नाही. त्याने काम थांबवलं नाही, फक्त आयर्न धरताना ती बाजूला ठेवायला शिकला. गोरक्ष पूर्वीसारखा सोल्डर न्यायला येऊ लागला आणि येताना दुकानातल्या प्रत्येक हिरव्या तारेकडे संशयाने बघू लागला.

गावात वाद मिटला. दोघी गायल्या होत्या, हे सगळ्यांना मान्य झालं, आणि मान्य झाल्यावर ती रेकॉर्ड ऐकायची कोणाला गरज उरली नाही. ती पुन्हा लागली नाही. २००३ साली महेशने प्लेअर आणि दोन्ही डबे देऊन गुलाबावर औषध मारायचा पंप घेतला.